बायकोचा हात, नवऱ्याचं पोट

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जिथं होती तिथं कुणाची तरी पिशवी होती. पिशव्यांत बटाटे, अंडी, कांदे, दुधाच्या बाटल्या. बाजार भरल्यासारखं वाटत होतं, पण विकणारा कुणीच नाही. सगळे आपापल्या स्वयंपाकघराचा निवाडा करून घ्यायला आले होते. कुणाचं पोट ढोलासारखं फुगायचं, कुणाच्या घशाशी यायचं, कुणी सारखं धावायचं, तर कुणी नुसतंच वाट बघत बसायचं.

मंचावर पांढरा डगला घातलेला आहारगुरू उभा होता. समोर पोस्टमन, डाव्या हातात कांदा, उजवा हात आडवा ताठ धरलेला.

"सगळी ताकद लावा!" गुरू म्हणाला. त्यानं पोस्टमनच्या हातावर दोन बोटं टेकवली आणि हात लोंबकळत खाली आला.

"पाहिलंत? जीभ खोटं बोलते, शरीर नाही. प्रत्येकाचं पोट वेगळं. कांदा तुमचा शत्रू!"

मग पोस्टमनच्या हातात सफरचंद आलं. गुरूनं दाबलं, हात हलला नाही. "मित्र!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पोस्टमन स्वतःच्या हाताकडे असा बघत राहिला, जणू तो आजच घरी आला होता.

पाववाली आपल्या नवऱ्याला घेऊन पुढच्याच रांगेत बसली होती. पाववाल्याच्या पोटानं गेली काही वर्षं दोघांना हैराण केलं होतं. जेवला की पोट गुडगुडायचं, फुगायचं, आणि भट्टी सोडून पळावं लागायचं. शेजाऱ्यांनी सांगितलेले सगळे उपाय करून झाले होते. दवाखाना तेवढा राहिला होता.

त्याचा नंबर आला, पण खांदा आखडलेला. हात वर जाईना.

"हरकत नाही," गुरू म्हणाला. "बाईंचा हात चालेल. नवरा-बायकोच्या लहरी एकच असतात."

"एकच?" पाववाली म्हणाली. "लग्नाला बावीस वर्षं झाली, पंखा किती जोरात ठेवायचा यावर अजून एकमत नाही!"

लोक हसले. पण ती उभी राहिली. डाव्या हातात गव्हाच्या पिठाची पुडी, उजवा हात आडवा. पिठाची पोती उचलून, कणकेचे गोळे मळून कमावलेला हात तो. गुरू गोड आवाजात म्हणाला, "श्वास सोडा, ताई. नवऱ्याचा विचार करा." आणि हात पडला.

पाववाला, आणि गहू शत्रू! म्हणजे माशाला पाण्याचं वावडं.

त्यानंतर दर रविवारी एकेक शत्रू सापडत गेला. दूध, अंडी, तांदूळ, बटाटा. उरले ते उकडलेला भोपळा, काकडी आणि गुरूकडचं मित्रचूर्ण. या चूर्णाला मात्र गावातला एकही हात कधी पडला नाही.

गंमत म्हणजे पाववाल्याला सुरुवातीला बरं वाटलं. पोट शांत झालं, गुडगुड थांबली. झालं! गुरूवरची श्रद्धा सिमेंटसारखी पक्की झाली. पुढे गालफडं बसली, पट्ट्याला भोकं पुरेनात, तरी तो हटेना. एका सकाळी भट्टीतून तापलेला ट्रे ओढताना त्याला घेरी आली. पाववालीनं मागून कव घातली म्हणून तोंडावर भट्टीत पडायचा वाचला.

"आता डॉक्टरांकडे चला," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"डॉक्टर मलाच विचारतात, काय होतंय म्हणून. गुरुजी न विचारता सांगतात. मग मोठा कोण?"

"अहो, मरायला टेकलात!"

"आणि हात तर तुझाच पडला ना? मी गुरूंवर नाही, तुझ्यावर विश्वास ठेवतोय!"

नवऱ्याच्या तोंडचा घास आपल्याच हातानं पाडला, हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं. कुणी ढकलून पाडावा असा तो हात नव्हता. पण पडला होता खरा.

अशात तिची नणंद सुट्टीला आली. शाळेत विज्ञान शिकवायची, बोलायला तिखट. दारातूनच ओरडली, "दादा, तू आहेस की तुझा शर्ट खुंटीला टांगलाय?"

पाववालीनं तिला स्वयंपाकघरात ओढलं आणि सगळं सांगितलं. "वन्सं, मी मुद्दाम नाही हो पाडला. शप्पत!"

"ठाऊक आहे. घ्या पीठ हातात आणि उजवा हात धरा ताठ." नणंदेनं कोपराजवळ दाबलं. हात लाकडासारखा ताठ. "आता श्वास सोडा, वहिनी. दादाचा विचार करा." आणि मनगटाजवळ दोन बोटांनी दाबलं. हात खाली.

"अगं बाई!"

"हातात काय होतं?"

"पीठच की, दोन्ही वेळा."

"मग पिठाचं मन बदललं का? दार बिजागरीजवळ ढकलून बघा, घाम फुटेल. कडेला ढकला, करंगळीनं उघडतं. हा तोच प्रकार. शिवाय श्वास सोडताना आणि लक्ष दुसरीकडे असताना माणूस सैल पडतो. मित्र ठरवायचा असेल तर आधी 'तयार?' म्हणून विचारायचं आणि कोपराजवळ हळू दाबायचं."

पाववाली हसली, मग रडली, मग तशीच पिठाच्या हातांनी नवऱ्याकडे धावली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि भोपळ्याची फोड तोंडात टाकली. "ही बोटं माझ्या बहिणीची. गुरुजींच्या बोटांची गोष्ट वेगळी."

"बरं," नणंद म्हणाली. "मग गुरुजींचीच बोटं घेऊ."

रविवारी भर सभेत ती उठली. "गुरुजी, डब्यात झाकलेलं अन्न हाताला कळतं का हो?"

"पत्र्यातून कळतं, भिंतीतून कळतं!" गुरू गरजला. "लहरींना झाकण नसतं, ताई!"

"मग हे घ्या." तिनं बेकरीतले चार सारखे डबे मांडले, झाकणं चिकटपट्टीनं बंद केलेली. "आत काय आहे ते मला ठाऊक नाही, वहिनींना नाही. हे भरलेत दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी, आणि त्या बसल्यात मागं. दादाचं पोट, वहिनींचा हात, बोटं तुमची."

गुरूनं डब्यांकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. उचलली जीभ टाळ्याला लावून बसला होता, आता मागं कसा येणार? पाववालीनं पहिला डबा डाव्या हातात घेतला. दात आवळून उजवा हात धरला. पडला.

"घोर शत्रू! लहरी काळ्याकुट्ट आहेत."

दुसरा डबा. हात टिकला. "मित्र! यानं आतडी हसतात."

तिसरा. गुरू जरा घुटमळला. "मित्र आहे. पण सूर्यास्तानंतर नको."

चौथ्याला हात इतक्या जोरात खाली गेला की डबाच घरंगळला. "विष! हा डबा घराबाहेर नेऊन पुरा!"

डॉक्टरीणबाई मंचावर आल्या. एकेक झाकण उघडून डबा त्यांनी लोकांपुढे तिरका केला. पहिल्यात गव्हाचं पीठ. दुसऱ्यात गव्हाचं पीठ. तिसऱ्यात, चौथ्यातही तेच.

"एकाच पोत्यातलं आहे," त्या म्हणाल्या.

मग पोस्टमनचा आवाज आला. "म्हणजे यातला पुरायचा कुठला आणि हसायचा कुठला?"

सभागृह हशानं फुटलंच. गुरू सांगू लागला, हवेत अविश्वास आहे, पत्रा गंजका आहे, बाईंच्या बांगड्या लहरी अडवतात. नाचता येईना, अंगण वाकडं. इकडे नणंदेनं दार-बिजागरीचा खेळ करून दाखवला आणि जो तो शेजाऱ्याचा हात दाबू लागला. "अरे, तुझा का पडेना!" "मनगटाला धर, मनगटाला!" पोस्टमन मात्र कपाळाला हात लावून बसला. "इतके दिवस कांद्याशिवाय जेवलो रे मी!" या गोंधळात गुरू मागच्या दारानं गेला. मित्रचूर्णाची पेटी तेवढी न्यायला विसरला नाही.

हसत नव्हता तो एकटा पाववाला. तो खुर्चीला धरून उठला.

"पण डॉक्टरीणबाई, मला बरं वाटलं होतं. ते काय खोटं होतं?"

पाववाली धास्तावली. आता हे पुन्हा गुरूमागं जातात की काय?

"खोटं कसं? खरंच होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरात चोरी होत होती, तुम्ही दहाच्या दहा माणसं हाकलून दिलीत. चोरी थांबली. पण चोर कोण ते कळलं का? आणि नऊ निरपराध माणसं बाहेर, तुम्ही आत उपाशी. चहा किती घेत होता?"

"किटली भट्टीपाशीच असायची. मोजतंय कोण?"

"दुधाचा?"

"दाट," पाववाली मध्येच म्हणाली. "चमचा उभा राहील असा."

"उद्या दवाखान्यात या. गव्हाचा त्रास आहे का ते रक्त तपासून कळतं. पण त्यासाठी आधी काही आठवडे रोज गहू खावा लागतो. बंद करून तपासलं तर फसायला होतं."

पाववाल्यानं बायकोकडे पाहिलं. "तू येशील?"

"येते की. हात मात्र मी कुणाला दाबू देणार नाही!"

तपासणी झाली. गहू निर्दोष सुटला. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी एकेक पदार्थ ताटात परत आणला, प्रत्येकाला थोडे दिवस दिले. तांदूळ चालला, अंडं चाललं, बटाटा चालला. दूध आलं आणि पोट ढोलासारखं वाजू लागलं. चोर सापडला. पाववाला आता कोरा चहा पितो, तोंड वाकडं करतो, आणि भट्टीपाशी दिवसभर उभा राहतो. अंगावर मांस चढलंय, आवाजही चढलाय. पंख्यावरून भांडण पुन्हा सुरू झालंय.

प्रत्येकाचं पोट वेगळं, हे गुरूचं म्हणणं खरंच होतं बरं का. खोटं गावात येतं ते असंच, खऱ्याच्या पाठुंगळीवर बसून. म्हणून तर सावध राहायचं. तुमचं पोट वेगळं असेल तर ते शोधायलाही वेळ लागणार, तपासण्या लागणार, कंटाळवाणे प्रश्न लागणार. तिथं टाळ्या वाजत नाहीत. पण कुणी दोन बोटं टेकवून तुमच्या ताटातला घास काढून घेऊ लागला, तर भिऊ नका, भांडूही नका. एवढंच म्हणा: महाराज, डबा झाकतो, आता सांगा. सांगता आलं तर ऐका. नाही आलं, तर ताट ओढून घ्या आणि दवाखान्याची वाट धरा.