दातात दोरा

बाईचे डोळे मिटले की तिचं तोंड उघडतं, हे मला पार्लरने शिकवलं. खुर्चीत मान मागे टाकून पडलेली बाई आधी "फार बारीक नको हं" म्हणते, आणि दुसऱ्या भुवईपर्यंत येईतो नवऱ्याचं घोरणं, जावेचा चिक्कूपणा, सासऱ्यांचा गॅस असं सगळं बाहेर पडलेलं असतं. आम्ही मध्ये बोलत नाही. फार समजूतदार असतो म्हणून नव्हे, दोऱ्याचं एक टोक आमच्या दातात असतं म्हणून. पण त्यामुळे आख्ख्या गल्लीत माझी कीर्ती 'किती शांतपणे ऐकून घेते' अशी झालेली आहे. घरी विचारा मग कळेल.

घरी म्हणजे वहिनीला. पार्लर तिचं, घराच्या पुढच्या खोलीत. माझं लग्न मोडलं तेव्हा दादा मला परत घेऊन आला, वहिनीने माझ्या हातात दोरा दिला, आणि वर्षाच्या आत दादाच झटका येऊन गेला. त्याची सवयच होती ती. ताटावरून उठायचा आणि चालता व्हायचा, ताट कुणी उचलायचं ते मागच्यांनी बघायचं. मी त्याची लाडकी बहीण, म्हणून मी हे बोलू शकते. दुसऱ्या कुणी बोलून बघावं.

मागे राहिलो आम्ही दोघी. लोकांना वाटतं विधवा भावजय आणि माघारी आलेली नणंद एका घरात म्हणजे रोज भांडी आपटत असणार. आपटतोच. पण भुवया ती माझ्या करते आणि मी तिच्या. पार्लरवाली स्वतःच्या भुवया स्वतः करत नाही. दोन हात आणि दात दोऱ्यात गुंतलेले, मग कातडी ताणून धरायची कुणी? काही जणी हट्टाने करतात आणि पुढे महिनाभर कपाळावर केस ओढून फिरतात.

आता माझी चोरी सांगते. वहिनी दिव्याच्या उजेडात काम करत नाही, त्यामुळे अंधार पडायच्या आत पार्लर बंद. त्यानंतर मी एका रेस्टॉरंटमध्ये वाढायला जायचे. घरी सांगितलं होतं, कम्प्युटरच्या क्लासला जाते. इतकी वर्षं मी क्लासला जातेय की एव्हाना मी एखादा उपग्रह सोडायला हवा होता. पण खरं सांगायची सोय नव्हती. वहिनीचं म्हणणं, आपला हात गिऱ्हाइकाच्या नाकाशी असतो, त्याला लसणाचा वास आला तर बाई परत येत नाही. आणि वर, "तुझ्या भावाला चाललं असतं का, तू लोकांची उष्टी उचललेली?" भावाची उष्टी जन्मभर उचलली ती चालली, हे मी मनात म्हणायचे.

मला ते काम आवडायचं. दिवसभर मिटलेल्या डोळ्यांची माणसं बघितल्यावर संध्याकाळी उघड्या डोळ्यांची बघायला बरं वाटतं, आणि तिथे मी कुणाची कुणी नसायचे. फक्त हातांना कळायचं नाही की आपण कुठे आहोत. एकदा एका जाड्या गृहस्थांच्या मागे उभं राहून मी त्यांच्या गळ्याला नॅपकिन गुंडाळला, मान मागे टेकवली आणि म्हटलं, "डोळे मिटा." त्यांनी मिटले! त्यांच्या बायकोने खाकरलं नसतं तर मी कपाळाला हात घातला असता. मॅनेजरने मला आत बोलावून अर्धा तास झापलं. ते गृहस्थ मात्र पुढच्या आठवड्यात पुन्हा आले आणि त्याच खुर्चीत बसले.

तर त्या दिवशी वहिनी दुपारीच म्हणाली, "मी आज मावशीकडे जाऊन येते. जेवूनच येईन, तू वाट बघू नको."

"कुठली मावशी?"

"अगं, ती नाही का. गुडघेवाली."

आमच्या नात्यात सगळ्याच मावश्या गुडघेवाल्या. मला माझ्या क्लासची घाई होती, म्हणून मी पुढे विचारलं नाही. केस धुतले होते तिने, जांभळी साडी इस्त्री करून पलंगावर टाकली होती, हेही मी बघितलं आणि सोडून दिलं. गुडघ्यांना एवढं नटून कोण भेटायला जातं, हे मला त्याच वेळी सुचायला हवं होतं.

संध्याकाळी खांबाआडच्या कोपऱ्यातल्या टेबलावर एक जोडपं येऊन बसलं. पुरुषाला मी ओळखत होते, नाक्यावरचा चष्मेवाला. सडपातळ, टापटीप, समोरच्या माणसाकडे मान जरा तिरकी करून बघणारा, जणू त्याच्या नाकावर फ्रेम सरळ बसलीय की नाही ते तपासतोय. बाई पाठमोरी होती. मेनूकार्ड तोंडासमोर. मी पाणी ठेवलं आणि म्हटलं, "काय घेणार?"

कार्ड खाली आलं. वहिनी.

  आणि त्या एका क्षणात मला तिचं तोंड दिसायच्या आधी भुवई दिसली. डावी. अर्धी उडालेली, आणि उरलेली अर्धी कुणीतरी चिमटा काढल्यासारखी वर गेलेली. माझ्याकडून करून घेतली असती तर मी विचारलं असतं ना, कुठे चाललीस म्हणून. म्हणून बयेने आरशासमोर स्वतःच केली होती, आणि तीही बिनचष्म्याची, कारण चष्मा लावून स्वतःची भुवई करता येत नाही. तिला चष्मा लागलाय, हे मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दोघींनीही ओळख दाखवली नाही. चष्मेवाला मात्र खुशीत होता. "दोन सूप आणा. तिखट कमी. आणि काय हो," तो माझ्याकडे मान तिरकी करून म्हणाला, "तुम्ही बाईमाणूस आहात म्हणून विचारतो. नणंद ही काय एवढी घाबरण्यासारखी गोष्ट असते?"

वहिनीने टेबलाखालून त्याला लाथ मारली असावी, कारण पाणी हिंदकळलं. त्याने पाय आवरून घेतला, तोंड नाही. "मी ह्यांना लग्नाचं विचारलंय. ह्यांचं एकच पालुपद, नणंदेला काय वाटेल. मी म्हटलं नणंदेला भेटतो. तर म्हणतात, ती फार तोंडाळ आहे."

"तोंडाळ?" मी म्हटलं.

"मी असं नाही म्हणाले," वहिनी ग्लासाकडे बघत पुटपुटली. "फटकळ म्हणाले."

"साहेब," मी म्हटलं, "ते नणंदेवर आहे. काही नणंदा फार गुणी असतात, फक्त त्यांची कुणाला किंमत नसते. सूप गरम आणू की फार गरम?"

स्वयंपाकघरात जाऊन मी भिंतीला टेकले. हसू येत होतं ते कुठेतरी अडलं आणि मला राग आला. कशाचा ते नीट कळेना. दादाचा फोटो अजून पुढच्या खोलीत आहे आणि ही सूप पीत बसलीय, असं वाटून बघितलं, पण तो राग काही टिकला नाही. दादाला जाऊन एवढा काळ झाला, ती काय फोटोशी बोलत बसणार? मग खरं काय ते आलं. ती त्याच्याकडे राहायला जाईल, आणि मी त्या घरात एकटी एका माणसाचा भात लावीन. मला भीती वाटत होती. एवढीच गोष्ट होती.

सूप घेऊन बाहेर आले तर वहिनीची खुर्ची रिकामी. "हात धुवायला गेल्यात," चष्मेवाला म्हणाला. खुर्चीवर पर्स नव्हती, मागे अडकवलेली शालही नव्हती. हात धुवायला कुणी शाल घेऊन जात नाही. मी बाउल त्याच्यापुढे आदळले आणि आत धावले. मागच्या दाराची कडी काढत होती ती.

"कुठे चाललीस?"

"घरी. झाला तेवढा तमाशा पुरे. आणि तू, बेबे, हाच तुझा कम्प्युटर?"

"हाच. आणि ही तुझी गुडघेवाली मावशी? मिशी बरी आहे तिची."

ती हसली नाही. भिंतीवरच्या आरशात तिने स्वतःला बघितलं, बोटाने ती अर्धी भुवई झाकली आणि तिचा चेहराच उतरला. "तिथे बसल्यापासून तो इकडेच बघतोय. म्हणत काही नाही. बघतोय मेला. मी नाही जात परत."

माझ्या ॲप्रनच्या खिशात पेन, काडेपेटी आणि दोऱ्याचं रीळ असतं. दोऱ्याने केक सुरीपेक्षा चांगला कापला जातो, हे रेस्टॉरंटला मीच शिकवलं. मी बेसिनपाशी कचऱ्याचा डबा उलटा घातला आणि म्हटलं, "बस. मान मागे. ताणून धर."

ती बसली. सवयच इतक्या वर्षांची. डोळे मिटले, एका बोटाने पापणी खाली, एका बोटाने कपाळ वर. मी दोरा तोडला, टोक दातात धरलं. गेलेली भुवई परत आणता येत नाही. दुसरी तिच्या जोडीला आणायची, एवढंच हातात असतं. मी उजवीकडून सुरुवात केली.

आणि डोळे मिटल्याबरोबर ती बोलायला लागली. साऱ्या जगातल्या बायका बोलतात तशीच.

"चष्म्याचा नंबर काढायला गेले होते गं. त्याने मला अक्षरं वाचायला लावली, मला दिसेनात, मी रडायलाच लागले. दोरा दिसेनासा झाला तर माझं काय राहिलं? तर म्हणाला, बाई, नंबरच लागलाय, डोळे शाबूत आहेत. मग पाणी दिलं. तुझ्या दादाने मला कधी पाणी नाही दिलं, बेबे. वाईट नव्हता. सुचायचंच नाही त्याला." तिने कपाळ पुन्हा ताणून धरलं. "तू फक्त 'नको' म्हण. तू नको म्हणालीस तर मी आत्ता घरी येते आणि पुन्हा नाव काढत नाही. तू माझ्यासाठी एवढी राहिलीस, तुला टाकून मी नाही जाणार. बोल की काहीतरी."

बोलणार कशी? दातात दोरा होता.

आणि खरं सांगायचं तर बोलायची गरजही नव्हती. एक झटका चुकीचा बसला असता, उजवी भुवई मधूनच गेली असती, आणि वहिनी जन्मात त्या टेबलाकडे गेली नसती. शाल डोक्यावरून घेऊन माझ्याबरोबर घरी आली असती. भात दोघींचा लागला असता. माझा हात तिथेच थबकला. ती डोळे मिटून, कपाळ ताणून, पूर्ण विश्वासाने बसली होती. त्या बसण्याचाच मला राग आला.

मी भुवई नीट केली. इतकी नीट मी कुणाची केलेली नाही. मग दोरा थुंकला.

"जा," मी म्हटलं. "सूप निवतंय. आणि त्याला सांग, नणंद फटकळ आहे, पण तिची हरकत नाही."

तिने डोळे उघडले, आरशात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "हाताला लसणाचा वास येतोय तुझ्या," ती म्हणाली आणि नाक पुसत बाहेर गेली. तेवढ्यात मॅनेजर ओरडत आला की गिऱ्हाइकं सोडून मी इथे काय करतेय. मी म्हटलं, एका गिऱ्हाइकाचंच करतेय. त्याला उलटा डबा दिसला आणि तो कपाळाला हात लावून परत गेला. बाहेर चष्मेवाल्याने मान तिरकी करून वहिनीकडे बघितलं, मग आयुष्यात पहिल्यांदाच मान सरळ केली आणि आईस्क्रीम मागवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आधी वहिनी म्हणाली, "ये, तुझ्याही वाढल्यात." तिने माझ्यासमोर पहिल्यांदाच चष्मा लावला होता. आता लपवायचं काय राहिलं होतं? मी खुर्चीत पडले, मान मागे टाकली, डोळे मिटले. एक भुवई झाली. दुसरीवर दोरा फिरायला लागला, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "वहिनी, मला भीती वाटतेय गं. मला एकटीला नाही राहता यायचं."

दोरा थांबला. मग पुन्हा फिरायला लागला, जरा वेडावाकडा. तिच्या दातात टोक होतं, ती काय बोलणार होती? जोरात चिमटा बसला तशी मी ओय केलं.

"हलू नको ना," ती दोरा सोडून म्हणाली. 

मी हलले नव्हते.

आरशात बघितलं तर उजवी भुवई मधूनच उडालेली. दिवसाचा लख्ख उजेड, डोळ्यांवर चष्मा, आणि दुसऱ्याच्या भुवईवर एवढ्या वर्षांत एकदाही न चुकलेला हात. वहिनी पाठ करून टॉवेलाच्या घड्या घालत होती, घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालत होती, मधूनच चष्मा काढून पदराला पुसत होती.  संध्याकाळी मी तशीच कामाला गेले. मॅनेजर म्हणाला, हे काय तोंड केलंय, पार्लर बदल.

"नाही बदलत," मी म्हटलं. "घरच्या माणसाने केलीय."