वास येतोय का?

आमच्या ह्यांच्या नाकाचा मला लग्नापासून ताप होता. भाजीत मीठ कमी आहे, हे हा माणूस उंबऱ्यातूनच वासावर सांगायचा. मिठाला कुठे वास असतो का? पण चाखून बघावं तर खरंच कमी. मी चिडून म्हणायचे, "तुम्ही नाकानेच जेवा, ताट कशाला वाढू?"

आमचा धंदा पार्ट्यांना ग्रिल लावून द्यायचा. चाकांचं ग्रिल, दोन सिलिंडर, बर्फाची पेटी आणि सळ्यांचा गठ्ठा टेम्पोत घालून लोकांच्या अंगणात जायचं आणि सळ्यांवर ओवलेलं गरमागरम भाजून वाढायचं. आग त्यांची, सळ्या माझ्या. सिलिंडरच्या बाबतीत त्यांनी कुणाच्या बापाचं ऐकलं नसतं. टेम्पोत तो उभाच बांधायचा, आडवा टाकायचा नाही. घरात किंवा तंबूच्या आत न्यायचा नाही, मग बाहेर पाहुण्यांना कितीही थंडी वाजो. जोडताना आधी ग्रिलची सगळी बटणं बंद, मग नळीला कुठे चीर गेलीय का ते बोट फिरवून बघायचं, मग रबरी वॉशर, मग नट. त्या नटाचे आटे उलटे असतात, आवळायला डावीकडे फिरवावा लागतो. हे माझ्या डोक्यात शिरायला बराच वेळ लागला आणि ह्यांना त्यावर हसायला जन्म पुरायचा नाही. नट बसला की सिलिंडरची चावी हळूच थोडी उघडायची आणि दोनदा तपासायचं. आधी हे नाक लावणार. मग मी वाटीत साबणाचं पाणी घेऊन ब्रशने प्रत्येक जोडावर फासणार. बुडबुडे आले तर समजायचं, गॅस गळतोय.

"माझ्या नाकावर विश्वास नाही तुझा," हे दर वेळी म्हणायचे.

"नाकावर आहे, वॉशरवर नाही," मी दर वेळी सांगायचे.

मगच झाकण उघडं ठेवून ग्रिल पेटवायचं.

हिवाळ्यात हे तापाने फणफणले. बरे झाले, पण त्यानंतर जेवणाला नावं ठेवणं बंद झालं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, माणूस सुधारला. एकदा दूध उतू जाऊन करपलं, धूर बघून शेजारीण दार वाजवायला आली, आणि हे शेगडीशेजारीच खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. मी त्यांना नको नको ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण ताकास तूर लागू दिली नाही.

परवा एका निवृत्त होणाऱ्या हेडमास्तरीणबाईंकडे काम होतं. मागचं अंगण, तिन्ही बाजूंनी भिंत. पाहुणे वेळेआधीच येऊन थडकले. बाईंनी मला बर्फासाठी आत बोलावलं, आणि मी बाहेर आले तोवर सिलिंडर जोडून झाला होता.

"वास घेतला, काही नाही," हे म्हणाले. "तुझं साबणाचं आज राहू दे. लोक खोळंबलेत."

उभ्याउभ्या मलाही काही जाणवलं नाही. "राहू दे कसं?" असं म्हणत साबणाची वाटी घ्यायला मी खाली वाकले आणि सडक्या अंड्यांचा वास भस्सकन नाकात शिरला. हा गॅस हवेपेक्षा जड, तो पायाशी साचतो. वर बघते तर हे ग्रिलचं झाकण उघडून उभे आणि हातात लायटर.

"अहो, पेटवू नका!"

अशी ओरडले की अंगणातल्या सगळ्या गप्पा बंद पडल्या. धावत जाऊन चावी बंद केली. पाहुण्यांना आत पिटाळलं, एकाच्या ओठातली सिगारेट पेटायची होती ती तशीच खिशात घालायला लावली. वारा येऊन वास पुरता जाईपर्यंत कुणाला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. मग मी चावी जराशी उघडून जोडावर साबणाचं पाणी लावलं. नटाभोवती बुडबुड्यांचा फेस फुलून आला. वॉशर दुमडून बसला होता.

हे शेजारी उकिडवे बसले. फुलाचा वास घ्यावा तसं त्या फेसावर नाक नेलं आणि खोल श्वास घेतला. चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही. मी चावी बंद केली.

"तुम्हाला येत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"तापापासून."

मला आणखी विचारायचं होतं. पण समोर काम पडलं होतं. नवा वॉशर मी घातला, नट मी आवळला, साबण दोनदा फासला, ग्रिल मी पेटवलं. हे भिंतीशी उभे राहून सळ्या देत होते.

परतताना टेम्पोत मी तोंडाचा पट्टा सोडला. माणसं भाजली असती, तुम्ही जळला असतात, मी कुणाच्या नावाने रडायचं होतं? सगळं बोलून दमले तेव्हा म्हटलं, "बरं, आग तुमचीच. नाक आजपासून माझं. धंदा काही बुडत नाही."

"धंद्याचं नाही गं," हे म्हणाले.

घरी आल्यावर हात न धुताच ते कपाटाकडे गेले आणि टिल्लीचा स्वेटर काढून आणला. टिल्ली आमची मुलगी. चौथीत असताना दोन दिवसांच्या आजारात गेली. तिच्या मैत्रिणींची मुलं आता शाळेत जातात. हे रोज सकाळी त्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून बसायचे. कपाट कुरकुरलं की मी स्वयंपाकघरात भांडी वाजवायला लागायचे. मी स्वतः कधी तो नाकाला लावला नव्हता. वास घेतला की संपतो, असं मला वाटायचं. माझा वाटा मी राखून ठेवला होता.

"तापातून उठलो आणि आधी हा घेतला," हे म्हणाले. "काहीच नाही. वाटलं, संपला तिचा वास. मग ते दूध करपलं तेव्हा कळलं, नाकच गेलंय. बरं वाटलं गं मला. म्हणजे तिचा वास असेल, मलाच येत नसेल."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू लगेच वास घेऊन बघितलं असतंस. आणि तो नसता, तर तोंडावर सांगितलं असतंस." त्यांनी स्वेटर पुढे केला. "आज माणसं मेली असती. आता लपवत नाही. बघ."

मी तोंड खुपसलं. धूर. ह्यांच्या दाढीचा साबण. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. मी गळ्यापाशी शोधलं, बाहीत शोधलं, काखेत शोधलं. सगळ्या स्वेटरला फक्त ह्यांचा वास होता. रोज रोज तोंड खुपसून त्यांनी आपल्याच हाताने लेकीला पुसून टाकलं होतं, आणि माझा राखलेला वाटाही त्यात गेला होता. मला त्यांना बुकलून काढावंसं वाटलं. टाहो फोडावासा वाटला.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"येतोय का?"

"येतोय," मी म्हटलं.

"कसला?"

"डोक्याच्या तेलाचा. आणि खोडरबराचा. खिशात ठेवायची ना."

त्यांनी स्वेटरच्या खिशावरून बोट फिरवलं. "हो," ते म्हणाले. "खोडरबराचा." मग डोळे पुसून म्हणाले, "आता तूच बघत जा. मी रोज विचारीन."

"विचारा," मी म्हटलं, आणि माझं रडू त्यांना दिसू नये म्हणून पुन्हा त्यात तोंड खुपसलं.