हिरव्या खुणा

आजारानं दादाचं मानेखालचं सगळं गेलं, मागोमाग वाचाही गेली. उरले ते डोळे. संगणकाच्या पडद्याखाली बसवलेला एक छोटा कॅमेरा त्यांची हालचाल टिपायचा. पडद्यावरच्या ज्या अक्षराकडे दादा टक लावेल ते उमटायचं आणि संगणक वाक्य बोलून दाखवायचा. सहा वर्षं घर त्या आवाजावर चाललं होतं.

पण संगणक म्हातारा झाला होता. वाक्याच्या मध्येच गोठायचा. दादा वहिनीवर वैतागलेला असला की नेमका तेव्हाच! शेवटी धाकट्या बहिणीनं मनावर घेतलं. ती ग्रंथालयात संगणक सांभाळायची, त्यामुळे घरातली तज्ज्ञ तीच.

"नवी सिस्टीम टाकू का रे?"

"टाक," संगणक बोलला. "पण माझा आवाज बाईचा करू नकोस."

तिनं घाई केली नाही. सिस्टीम चालेल की नाही हे तपासणारा प्रोग्रॅम आधी चालवला. प्रोसेसर, मेमरी, डिस्कवरची जागा, सगळीकडे हिरव्या खुणा. दादाची पत्रं तिनं वेगळी काढून ठेवली आणि रविवारी सकाळी जुनं सगळं पुसलं.

दुपारी नव्या सिस्टीमचा पडदा लख्ख उजळला. तिनं कॅमेऱ्याची वायर जोडली. पडद्यावर उमटलं, 'हे उपकरण ओळखता आलं नाही.'

वायर काढून पुन्हा लावली. दुसऱ्या जागी लावली. तपासणाऱ्या प्रोग्रॅमनं तपासला होता तो फक्त संगणक. बाहेरून जोडलेल्या कॅमेऱ्याबद्दल त्यानं चकार शब्द काढला नव्हता, आणि तिलाही विचारायचं सुचलं नव्हतं.

सोमवारी विक्रेत्याला फोन केला. "ते मॉडेल बंद झालंय, मॅडम. नव्या सिस्टीमला तो ओळखता यावा म्हणून लागणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, निघालाच नाही."

"मग मी जुनी परत टाकते."

"टाका की. पण बोलणारा प्रोग्रॅम पुन्हा नोंदवावा लागेल, आणि नोंदणी करणारी कंपनीच आता नाही."

तरी तिनं जुनी टाकून पाहिली. कॅमेऱ्याचा दिवा लागला. बोलणाऱ्या प्रोग्रॅमनं नोंदणी मागितली, बराच वेळ वाट पाहिली आणि बंद पडला. रुग्णालयात नव्या यंत्रासाठी अर्ज केला, तर यादीत आठ महिने.



वहिनीनं पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली. बहीण एकेकावर बोट ठेवायची. हवं ते आलं की दादानं पापणी मिटायची.

"उ? बरं. श? वेलांटी? पहिली की दुसरी?"

"उशी!" वहिनी म्हणाली.

दोघींनी उशी वर सरकवली. दादा पाहतच राहिला. खाली सरकवली. तरी तसाच.

"काढून टाकू का?" बहिणीनं विचारलं.

त्यानं डोळे मिटले. ते 'हो' होतं की तो नुसता थकला होता, दोघींनाही कळेना. उशी हातात धरून बहीण त्याचे डोळे उघडायची वाट पाहत उभी राहिली.