विहिरीसारखी रचना

आसावरी मॅडमनी लाल पेन उचललं आणि तुळसाबाईंच्या नवऱ्याच्या मृत्यूआधी ‘रिपोर्टेडली’ हा शब्द घातला. म्हणजे तो मेला, म्हणे.

“मॅडम, ते खरंच गेलेत,” दर्शना म्हणाली.

“तू पाहिलंस?”

“फोटोला हार आहे.”

“मग ‘फोटोला हार असल्याचे आढळले’, इतकंच आपण म्हणू शकतो.” मॅडमनी पान उलटलं.

नौपाड्यातल्या त्या कॉलेजात समाजशास्त्राच्या एम.ए.ला शेवटी एक प्रबंध लिहावा लागे, आणि तो इंग्रजीतून. दर्शना डोंबिवलीची. बी.ए.चे पेपरसुद्धा तिने मराठीतून लिहिलेले. तिचं इंग्रजी लहान वाक्यांचं होतं. कर्ता सापडला, क्रियापद सापडलं, की ती ताबडतोब पूर्णविराम द्यायची आणि घाम पुसायची. बाळकुमच्या जुन्या आळीवरचा प्रबंध तिने असाच पूर्ण केला होता. त्याचा सारांश तीन वाक्यांत होता. आळीत विहीर होती. विहिरीवर आता टॉवरचं क्लबहाउस आहे. विहीर आळीची होती. तिन्ही वाक्यांत एकही स्पेलिंग चुकलेलं नव्हतं, आणि याचा तिला खाजगीत अभिमान होता.

मॅडमनी तिन्ही वाक्यांवर काम केलं. ते संपलं तेव्हा त्यांचं एकच वाक्य झालं होतं, सात ओळींचं. त्यात काही रहिवाशांच्या मते पूर्वी एखादा जलस्रोत अस्तित्वात असावा, असं सुचवता येण्याची शक्यता नाकारता येत नव्हती.

“आणि शेवटी हे घाल,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी तळाला सुंदर अक्षरात लिहिलं, ‘फर्दर रिसर्च इज नीडेड.’ अधिक संशोधनाची गरज आहे.

“कशाला?”

“म्हणजे काय कशाला? ते असतंच.” मॅडमनी प्रबंध तिच्याकडे सरकवला. “शुक्रवारी पाचला जमा करायची खिडकी बंद होते. त्याआधी आण, मी सही करते. तुझं काम चांगलं आहे गं. भाषा तेवढी सावध हवी.”

मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध जमा होत नसे, आणि प्रबंध जमा झाला नाही तर वर्ष जात असे. शिवाय यंदापासून दुसरी एक सही लागणार होती. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना आपण काय लिहिलंय ते वाचून दाखवायचं आणि मान्य असल्याची सही घ्यायची. बाकीच्या मुलांनी या सह्या मुलाखतीआधीच घेऊन ठेवल्या होत्या. दर्शनाला हे सुचलं नाही. बारापैकी अकरा जणांनी कामाच्या घाईत, न ऐकताच सही ठोकली. राहिल्या तुळसाबाई.

बुधवारी सकाळी ती बाळकुमला गेली. दोन टॉवरांच्या मध्ये उरलेल्या आळीत सातव्या घराच्या ओट्यावर तुळसाबाई भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. पहिल्या भेटीत दर्शनाने वही उघडण्याआधीच त्यांनी उत्तरं द्यायला सुरुवात केली होती. “वय बासष्ट, गेल्या साली एकसष्ट लिवलंय, जुलवून बघ. शिक्षन चौथी. घरान मानसा पाच. मी आर-सात. दर साल आर-सातच असते मी.” दरवर्षी कॉलेजातून एक मुलगी यायची आणि नावाऐवजी क्रमांक लिहायची, ‘आर’ म्हणजे रिस्पॉन्डंट, उत्तर देणारा. दर्शना पंधरावी. करोनाच्या वर्षातली फोनवरून आली होती.

“वाच,” तुळसाबाई म्हणाल्या.

दर्शना इंग्रजीचं मराठी करत वाचू लागली. “आर-सात यांच्या कथनानुसार, निवासस्थानाच्या परिसरात पूर्वी एक विहीर अस्तित्वात असावी, असे सूचित होते.”

वाल सोलायचे थांबले.

“असावी?”

“इंग्लिशमध्ये असंच लिहितात, मावशी.”

“जल्ला तुजा इंग्लिश. सात वर्साची व्हते तवा मी त्या विहिरीन पडले. आज्यानं दोर सोडून वर काडला मना. मी काय ‘असावी’न पडले गो?”

दर्शनाने पान उलटलं. पुढच्या पानावर नवरा होता. तिने ते पान वाचलं नाही.

“ऐक पोरी,” तुळसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता, आणि तो चढलेल्या आवाजापेक्षा वाईट होता. “विहिरीसाठी आमी जिथं जातो तिथं कागद मागतान. टावरच्या नकाशान विहीर नाय. मी वकिलाला बोलले, चौदा पोरी लिवून गेल्यान, मोठ्या कालेजान. तो बोलला, आना मग एक तरी पुस्तक, जिथं ‘विहीर व्हती’ असा लिवलाय. मना वाटला चौदा हायेत, एक तर गावंल.” त्यांनी सहीचा कागद घेतला, नीट घडी केला आणि दर्शनाच्या हातात परत ठेवला. “मागच्या पोरींनी काय लिवलाय, जाऊन बघ. आनि तू ‘व्हती’ लिव. मंग सही देते.”

परतताना दर्शनाने रिक्षात हिशेब मांडला. मॅडमची सही हवी असेल तर विहीर नसायला नको, पण असायलाही नको. तुळसाबाईंची हवी असेल तर ती असायलाच हवी. आणि शुक्रवार परवावर आला होता.

विभागाच्या कपाटात आळीवरचे मरून रंगाचे चौदा प्रबंध एका ओळीत उभे होते. गुरुवारी तिने ते क्रमाने वाचले. २०१३ सालात विहीर ‘सध्या अनुपलब्ध’ होती. २०१७ मध्ये ती ‘सामूहिक स्मृती’ झाली. २०२१ मध्ये ‘विहिरीची कल्पना’ उरली होती, आणि त्या कल्पनेवर एक तक्ता होता. शेवटच्या पानावर मात्र चौदाही जणींचं एकमत होतं. अधिक संशोधनाची गरज आहे.

सगळ्यात जुना प्रबंध तिने शेवटी काढला. २००९. तेव्हा तिथे टॉवर नव्हते, कुंपण नव्हतं, विहीर उघडी होती आणि आळी तिचं पाणी भरत होती. लिहिणारी रोज तिथे जाऊन बसत असल्याचं पानोपानी दिसत होतं. चाळिसाव्या पानावर वाक्य होतं, ‘आळीच्या मध्यभागी विहिरीसारखी रचना दिसून येते.’

दर्शनाने मुखपृष्ठ पाहिलं. आसावरी त्र्यंबक दातार. मॅडमच्या केबिनमध्ये भिंतीवर टांगलेल्या पदवीवर हेच नाव होतं, लग्नाआधीचं.

संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात ती नवी प्रत छापायला उभी असताना मागून सूरज आला. तो वर्गातला, कल्याणचा. त्याचा प्रबंध रिक्षा स्टँडवर होता.

“भाई, तू सिरियसली सगळे ‘मे’ आणि ‘माइट’ काढलेस?”

“दोनशे अकरा होते.”

“मॅडमनी माझ्यात ‘रिक्षेला सर्वसाधारणपणे तीन चाके असल्याचे दिसते’ केलंय. मी काही बोललो? नाय बोललो. गपचूप स्टेशनला जाऊन चाकं मोजून आलो.”

“किती होती?”

“तीनच. पण आता मला पण शंका यायला लागलीय.” त्याने तिच्या हातातलं शेवटचं पान वाचलं आणि हसायचा थांबला. “ए, हे काय आहे? ‘नो मोअर रिसर्च इज नीडेड’? वेडी आहेस का? ते एक वाक्य टाक ना यार. माझ्या फोनमध्ये सेव्ह आहे, ‘एफ’ दाबला की पूर्ण येतं. कोण वाचतंय?”

“एक बाई वाचायला मागतायत.”

“वर्ष जाईल तुझं.”

“जाऊ दे. पुढच्या वर्षी परत हेच लिहीन. तेव्हा तर इंग्लिश अजून सुधारलेलं असेल माझं.”

शुक्रवारी सकाळी तुळसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. वाक्यं लहान असल्यामुळे वेळ लागला नाही. ‘विहीर आळीची होती’ हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं, मग शेजारणीला हाक मारून तिसऱ्यांदा. सहीसाठी दिलेली चौकट त्यांना पुरली नाही. ‘तुळसा’मधला ‘सा’ समासात गेला.

चार वाजून दहा मिनिटांनी दर्शना मॅडमच्या समोर बसली. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि पानं चाळू लागल्या. बरीच पानं झाली तरी पेन कुठे टेकलं नाही.

“माझ्या दुरुस्त्या कुठे आहेत?”

“नाहीत.”

“आणि शेवटचं वाक्य?”

“आहे. उलटं आहे.”

मॅडमनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. चष्म्यात दोष नव्हता.

“दर्शना, बाहेरचे परीक्षक हे फाडून ठेवतील. पुरावा काय, असं पहिल्याच मिनिटाला विचारतील. तुझ्याकडे नकाशा नाही, फोटो नाही. बारा माणसांच्या आठवणी आहेत, आणि बाराच्या बारा त्या आळीतली. ज्यांना विहीर हवी आहे तेच सांगतायत की विहीर होती. बाहेरचा एक साक्षीदार नाही तुझ्याकडे. म्हणून भाषा सावध ठेवायची असते. तुझं इंग्रजी कच्चं आहे, त्यामुळे तुला सगळं ठाम वाटतं.”

“इंग्रजी कच्चंच आहे, मॅडम.”

“मग?”

“बाहेरचा साक्षीदार एक आहे. २००९ सालचा. त्याने ‘विहिरीसारखी रचना’ लिहिलंय.”

पंखा फिरत होता. मॅडमनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“मी ‘विहीर’च लिहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “आधी. माझ्या गाइडनी ते बदललं. चांगले होते ते. म्हणाले, तू काय इंजिनिअर आहेस?”

त्यांनी प्रबंधाच्या कडा सारख्या केल्या.

“म्हणून तर दर वर्षी एकीला पाठवत आले. वाटायचं, कोणीतरी लिहील.”

“लिहितात मॅडम. तुम्ही खोडता.”

हे वाक्यही लहानच होतं. म्हणून झाल्यावर दर्शनाला वाटलं, आता आपलं वर्ष गेलं. गेलं तर गेलं. ती हात मांडीवर ठेवून ताठ बसून राहिली. मॅडम प्रबंधाकडे पाहत होत्या. बराच वेळ त्या पहिल्या पानावरच्या सहीच्या जागेकडे पाहत होत्या, आणि मग त्यांनी सगळी पानं एकदम उलटून शेवटी जोडलेली यादी काढली. आर-एकपासून आर-बारापर्यंत, नाव न देता, वय, शिक्षण, आळीशी नातं.

“बाराव्या ओळीखाली जागा आहे,” त्या म्हणाल्या. “पेन घे. आर-तेरा.”

“कोण?”

“प्रश्नावली तुझी आहे. विचार क्रमाने.”

दर्शनाने मॅडमकडे पाहिलं. मग पेन घेतलं.

“वय?”

“चाळीस.”

“शिक्षण?”

“पीएच.डी.”

“आळीशी नातं?”

“काही नाही. बाहेरची.”

“गाइडला असं चालतं, मॅडम? मुलाखत द्यायला?”

“चालत नाही. पुढचा प्रश्न.”

घरातल्या माणसांचे प्रश्न बाहेरच्या माणसाला लागू नव्हते; ते सोडले तर पुढचा प्रश्न सातवा होता. तो तिने स्वतःच तयार केला होता, बारा जणांना विचारला होता, आणि तरी तो तिने कागदावर बोट ठेवून वाचला.

“तुम्ही विहीर पाहिली होती का?”

मॅडम खिडकीकडे वळल्या. “साधारण एप्रिलचा महिना असावा. दुपार. मुलाखती घेऊन माझा घसा अगदी सुकला होता. एका बाईंनी पोहरा टाकला, वर काढला आणि ओंजळीत ओतलं. पाणी किंचित मचूळ लागल्यासारखं...”

दर्शनाने पेन कागदावरून उचललं.

“लागल्यासारखं, मॅडम?”

मॅडम थांबल्या. बाहेर कोणीतरी जमा करायच्या खिडकीवर किती वाजले ते ओरडून विचारत होतं.

“मचूळ होतं,” त्या म्हणाल्या. “विहिरीचं होतं. मी प्यायले, दोन ओंजळी. लिही.”