झांझिबारचं कुलूप

लोकेश गजभिये झांझिबारला आगीत गेल्याची बातमी वारासिवनीत दुपारी आली, आणि दिवेलागणीपर्यंत तिला शेपूटही फुटलं: पोरगा दारू पिऊन पडला होता म्हणे. लोकांना मेलेल्या माणसाचं दुःख दोन दिवस पुरतं, त्याची बदनामी मात्र वर्षभर पुरवून खाता येते.

शेपूट मात्र वस्तीनं जोडलेलं नव्हतं. तिकडच्या तांदळाच्या गिरणीच्या मॅनेजरनंच फोनवर सांगितलं होतं. रात्री गिरणीला आग लागली, लोकेश प्यायलेला होता, हाका मारल्या तरी उठला नाही. देह आणण्याजोगा राहिला नाही, म्हणून तिथंच अग्नी दिला.

सुखराम बापाचं काळीज घेऊन हे ऐकत होता, आणि वर विहारातला माणूस म्हणूनही ऐकत होता. वस्तीतल्या विहारात पंचशील सांगायचा मान वर्षानुवर्षं त्याचाच. नशा न करण्याचं पाचवं शील त्यानं लोकेशला मांडीवर बसवून पाठ करून घेतलं होतं. तांदळाच्या मिलमधलं मिस्त्रीकामही त्यानंच शिकवलं, आणि त्याच कामाच्या जोरावर पोरगा समुद्रापार गेला. फोन आल्यापासून सुखराम विहारात पुढे बसेनासा झाला. दाराशी, चपलांजवळ बसायचा. वसंता नावाचा शेजारी पुढे बोलवायचा, तेव्हा तो नुसता हात हलवायचा.

त्याची बायको अंजना मात्र वेगळ्याच गोष्टीला धरून जगत होती.

"प्याला असंल तं असू द्या जी," ती म्हणायची. "झोपेत तं गेला. त्याले काई समजलं नसंल. मी तेवढ्यावरच जगून राह्यली."

"माह्या पोरगा पेत नव्हता!" सुखराम ओरडायचा.

"तुमाले नाव पाह्यजे. मले त्याचा जीव सुखानं गेला, एवढं पुरे."

यावरून दोघांची रोज जुंपायची. एकाच पोराचं दुःख, पण दोघांनी त्याचे दोन वाटे केले होते.

मग गिरणीवाल्यांनी तिकीट पाठवलं, अस्थी घेऊन जा म्हणून. सुखरामनं तेव्हाच मनाशी ठरवलं की अस्थी तर आणायच्याच, पण पोराचं नावही धुऊन आणायचं.

झांझिबारच्या जुन्या दगडी शहरात त्याला उतरवलं. मॅनेजरनं अस्थींचा डबा हातात दिला, दोन शब्द बोलला आणि गिरणीकडे जायची गरज नाही म्हणाला. "कल आपका विमान है, आज शहर देख लो," असं सांगून त्यानं जुमा नावाचा आपला ड्रायव्हर बरोबर दिला. पोराच्या अस्थी मांडीवर घेऊन बापानं सहल करावी, एवढी अक्कल फक्त मॅनेजर लोकांनाच असते.

जुमा तिथलाच, मध्यम वयाचा, काळाकभिन्न, अबोल. गिरणीत राहून कामापुरतं हिंदी शिकलेला. त्यानं सुखरामला अरुंद गल्ल्यांतून फिरवलं. रंगीत कापडं अंगाभोवती गुंडाळलेल्या बाया माशांच्या टोपल्या घेऊन चालल्या होत्या. म्हाताऱ्या माणसांना पोरं वाकून सलाम करत होती. घरांचे दरवाजे बघून सुखराम क्षणभर थबकला. दोन पुरुष उंचीचे, नक्षीनं भरलेले, पितळी खिळे ठोकलेले.

"ये सब हमारे लोगों के हाथ का काम," जुमा म्हणाला. "घर दूसरों के."

मग त्यानं एका प्रार्थनाघराच्या आवाराजवळच्या तळघरात नेलं. छत इतकं खाली की सुखरामला वाकूनच उभं राहावं लागलं. दगडी ओटे, भिंतीत वीतभर फट, साखळ्या. आतल्या मुलखातून गुलाम म्हणून माणसं चालवत आणायचे, बाजार भरेपर्यंत इथं कोंडायचे, आणि मग विकायचे. जुमानं हे हळू आवाजात सांगितलं. कितीतरी जण हवा न मिळूनच जायचे, हेही सांगितलं.

"उनके नाम कहीं लिखे होंगे ना?" सुखरामनं हिंदीत विचारलं.

"नाम कौन लिखेगा, बाबा?"

सुखरामला हे अगदी आपल्याकडचंच वाटलं. त्यानं डबा छातीशी धरला. वर येताना जुमा पायरीवर थांबला. म्हणाला, "बाबा, ताला हमेशा बाहर से लगता था. यहाँ भी. वहाँ भी."

"वहाँ मतलब?"

जुमानं गाडी काढली आणि शहराबाहेर, जिथं जायचं नव्हतं तिथंच घेऊन गेला.

गिरणीच्या मागं भंगाराचा ढीग होता. जुमानं वरचे दोन जळके पत्रे ओढून बाजूला केले. खाली लोकेश गिरणीत झोपायचा त्या खोलीचं दार पडलेलं होतं. लोखंडी पत्र्याचं, काळं पडलेलं. चौकटीचा जळका तुकडा अजून दाराला चिकटून होता, कारण बाहेरची कडी सरकवलेली होती आणि कडीत कुलूप होतं. बंद कुलूप. लोकेशला माल चोरून नेता येऊ नये म्हणून मॅनेजर रोज रात्री ते लावायचा आणि किल्ली घेऊन घरी जायचा, असं जुमानं सांगितलं.

"मेरा लडका पीता था क्या?" सुखरामनं विचारलं.

"कभी नहीं. चाय में भी शक्कर कम."

सुखराम त्या दाराशी बसला आणि ढसाढसा रडला. खोटं कशाला सांगा, त्या रडण्यात आनंद होता. माझा पोरगा पीत नव्हता! उठला नाही असं नाही, त्याला उठूनही जाता येणार नव्हतं! बापाच्या छातीवरचा दगड उतरला होता, आणि तो उतरल्याच्या भरात खाली काय उघडं पडलं, तिकडे त्याचं लक्षच गेलं नाही. चौकटीचा तुकडा दगडानं फोडून त्यानं ते कुलूप काढलं, धोतराच्या फडक्यात बांधलं आणि पिशवीत घातलं.

परतीच्या विमानात तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. नागपूरहून बसनं येताना वसंतासमोर काय बोलायचं, ते त्यानं चार वेळा मनात घोळवलं. भर विहारात कुलूप ठेवायचं. म्हणायचं, पाहा, आणि आता बोला काय बोलता ते.

घरी आला तेव्हा अंजना ओसरीत तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, डबा घेतला, पदरानं पुसला आणि कपाळाला लावला. सुखरामचा हात पिशवीत गेला. फडक्याची गाठ त्याच्या बोटांना लागली.

"अंजना, ऐक. मले तिथं समजलं..."

"अगुदर मले एकच सांगा," ती म्हणाली. "झोपेतच गेला नं माह्या लेक? त्याले काई समजलं तं नाई?"



दार बाहेरून बंद होतं. पोरगा प्यायलेला नव्हता. म्हणजे पोरगा जागा झाला होता. दार ठोकत होता. किती वेळ ठोकत होता, कोणाला हाका मारत होता, आणि हाका मारल्या असतील तर कोणत्या भाषेत, हे सगळं त्या एका क्षणात सुखरामच्या अंगावर कोसळलं. इतक्या लांबून, इतक्या हौसेनं त्यानं बायकोसाठी हेच आणलं होतं.

त्यानं पिशवीतून रिकामा हात काढला.

"झोपेतच गेला," तो म्हणाला. "काई समजलं नाई त्याले."

"खरं नं?"

"हौ. लय प्याला होता त्या दिवशी."

अंजनानं डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. मग आपणहून त्याच्या हातावर हात ठेवला. "तुमी काहून इतकं मनाले लावून घेता जी? लेकरू होतं. चुकलं असंल."

दुसऱ्या दिवशी वैनगंगेवर अस्थी सोडताना त्यानं अंजना आणि बरोबरच्या बाया पाण्याबाहेर गेल्याचं पाहिलं आणि पिशवीतलं फडकंही कुलपासकट खोल पाण्यात सोडलं. वसंतानं विचारलं तेव्हा म्हणाला, "मॅनेजर सांगत होता तेच खरं आहे." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

रविवारी विहारात वसंतानं त्याला हाताला धरून पुढे आणलं. "आता पुरे झालं, दादा. पोराच्या चुकीची सजा बापानं कितीक भोगावी? आज तुमीच सांगा."

सुखराम उभा राहिला. पहिली तीन शीलं त्यानं खणखणीत आवाजात सांगितली, सगळ्यांनी ती मागून म्हटली. मग चौथं आलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्याचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. त्यानं पुन्हा प्रयत्न केला.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. यानंतर पाचवं, दारूचं. तेच बिचाऱ्याच्या गळ्याशी आलंय, असं सगळ्यांना वाटलं. वसंता पुढे सरकला आणि त्यानं ते चौथं शील आपल्या तोंडून म्हटलं. मागून विहारानं म्हटलं. पाचव्या शीलाला सुखरामची लाज राखावी म्हणून सगळ्यांनीच आवाज जरा खाली आणला.

बायकांच्या रांगेत अंजना हात जोडून, डोळे मिटून, शांत बसली होती.