मुंडक्यांवर बेतलेला अहवाल

मत्स्यविज्ञान विभागात तिला पाठीमागे सगळे मोहरीबाई म्हणत. माशाच्या मेंदूखाली, हाडाच्या खोबणीत बसलेल्या मोहरीएवढ्या पीयूषिका ग्रंथीचे काप काढण्यात तिची आठ वर्षे गेली होती. मासा जिवंत आणायचा आणि मारल्यावर पाच मिनिटांत ग्रंथी कुजू न देणाऱ्या द्रावणात टाकायची, हा तिचा नेम. मादी विणीला आली की या ग्रंथीतल्या काही पेशी फुगतात, कणांनी गच्च भरतात, रंग दिल्यावर जांभळ्या दिसतात. अंडी घातली की त्याच रित्या होतात. शेजारच्या नारिंगी पेशींना त्याचे सोयरसुतक नसते.

विभागप्रमुखांना आठ वर्षांची सवड नव्हती. त्यांनी पंधरा दिवसांत सिद्ध केले, की मादी महिनाभर आधीच अंडी घालून मोकळी होते; सबब मासेमारीची बंदी महिन्याने कमी करावी. बोटमालकांच्या संघटनेने हे सत्य शोध लागण्यापूर्वीच ओळखले होते. अडले होते ते तपासनीस म्हणून तिच्या सहीपाशी.

तिने त्यांचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जांभळ्या पेशी रित्या होत्या खऱ्या. पण नारिंगीही भोके पडून विटल्या होत्या. एका घरचे लोक गावाला गेले म्हणून सगळी आळी ओस पडत नाही.

"सर, मासे कुठले?"

"बाजारातले. कापणाऱ्या बाईकडून नुसती मुंडकी मागवली. ग्रंथी डोक्यातच असते ना? धड कशाला हवं?"

"द्रावणात कधी पडली?"

"दुपारपर्यंत पडली असतील. तुम्ही काय पोलिसात आहात?"

ती उठली आणि तिने थेट बाजार गाठला. कापणाऱ्या बाईने सुरी न थांबवता वर पाहिले.

"तुमच्या साहेबांची मुंडकी होय? सगळ्या माद्या अंड्यांनी, गाभोळीनं टच्च भरलेल्या, ताई. गिऱ्हाइकं तुटून पडली. साहेबांना म्हटलं, पोटंही बघा. म्हणाले, तुला काय कळतंय."

बंदी महिनाभर आधी उठली तर अशाच भरल्या पोटाच्या माद्या जाळ्यात यायच्या होत्या, आणि त्या हत्येखाली तिचे नाव छापले जायचे होते.

परतल्यावर तिने अहवाल पुढे ओढला.

"झालं का समाधान?" प्रमुख हसले. "उगाच राईचा पर्वत करू नका."

"पर्वत तुम्ही रचलात, सर. राई नासकी होती."

सहीच्या जागी तिने लिहिले: 'पेशी रित्या नाहीत, कुजलेल्या आहेत. माद्यांच्या पोटात अंडी होती. शंका असल्यास मासे कापणाऱ्या बाईस विचारावे. तिने पोट पाहिले आहे.' खाली पूर्ण सही केली. मग उरलेल्या तिन्ही प्रतींवर, तितक्याच वळणदार अक्षरात, तेच.