ज्या दिवशी मी करकरलो नाही

मी एक जुना दरवाजा आहे. पण मित्रांनो, माझ्यामागे घर नाही. मी नाटकातला दरवाजा.

मला घडवलं मेहरूणच्या नूर महंमद सुतारानं. सागाची चौकट, लोखंडी बिजागऱ्या. इतकं नेटकं बसवलं की उघडताना हूं की चूं नाही. पण आमचं नाटक खुनाचं. दिग्दर्शक नीलेश म्हणाला, "चाचा, हा करकरला पाहिजे. ती करकर ऐकूनच मयुरी मागे वळणार आणि किंचाळणार. सगळं नाटक त्याच्यावर आहे."

नूर महंमदचा चेहरा पडला. "चाळीस वर्षं झाली भाऊ, माझ्या हातचा दरवाजा कधी ओरडला नाही."

तरी त्यानं आठ दिवस बिजागऱ्यांना मिठाचं पाणी लावलं. मग मी असा करकरू लागलो की तालमीत चहा देणारी नूतनताई दचकून किटलीच सोडून बसली. सगळे वाहवा करत होते. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू? नूर महंमद मात्र दर वेळी मान खाली घालायचा.

पहिला प्रयोग धुळ्याला. तो जमला तर पुढे गावोगावचा दौरा. धुळं म्हणजे नूर महंमदची सासुरवाडी. त्याची बायको मदिना आपल्या तिन्ही भावांना घेऊन दुसऱ्या रांगेत बसली होती, आणि तिघंही सुतार! पडद्याच्या फटीतून त्यानं ते पाहिलं. नारळ फुटला, पहिली घंटा झाली. तेवढ्यात त्यानं खिशातून तेलाची बाटली काढून माझ्या बिजागऱ्यांत चार थेंब सोडले.

"आजच्या दिवस माझी लाज राख," तो पुटपुटला.

अरे देवा! मला तोंड असतं तर तिथेच ओरडलो असतो.

खुनाचा प्रवेश आला. मयुरी पाठमोरी शिवणयंत्रावर बसलेली. खुनी झालेला कुंदन सुरा घेऊन मला ढकलत आत आला. मी उघडलो. आवाजच नाही. मयुरी करकरीची वाट बघत शिवतच राहिली. कुंदन सुरा उगारून ताटकळला. मागच्या रांगेतून एक आजीबाई कळवळून ओरडली, "मांगे देख व बाई, तो तठे उभा शे!"

सगळं नाट्यगृह हसलं. गेलेली भीती मग शेवटपर्यंत परत आली नाही.

मदिनाचे भाऊ तेवढे म्हणाले, "दाजी, दरवाजा एक नंबर!" नूर महंमद माझ्या चौकटीला टेकून रडत होता.

दौरा तिथेच मोडला. नूर महंमदला पुन्हा कुणी बोलावलं नाही. मला नरडाण्याच्या एका गोदामात उभं करून ठेवलं. दोन पावसाळे गेले, तेल सुकलं, गंज चढला. आता वारा आला की मी करकरतो, अगदी तालमीत करकरायचो तसा. ऐकायला कुणी नसतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी जरूर करा. पण आधी विचारा, त्यांचं काम काय आहे. आणि मेहरूणला कधी गेलात तर नूर महंमदला सांगा, तुझा दरवाजा आता करकरतो म्हणून.

नको, राहू द्या. त्याची मान पुन्हा खाली जाईल.